पायरी सतरावी

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरच्या मजल्यावर
चौदा माणसांची कंपनी.
फाउंड्र्यांना सॉफ्टवेअर पुरवते:
वजनकाटा, गेटपास, भट्टीच्या विजेचा हिशेब.
खाली लेथ सुरू झाली
की वर चहात बारीक गोल उठतात.
मालक सुकुमार मगदूम यांनी मला बोलावलंय,
रिलीज आपोआप व्हावं म्हणून.

आजवर ते मेहबूब शिकलगार यांच्या हातून होत होतं.
दर गुरुवारी रात्री, साडेनऊनंतर,
अकरा वर्षं.
त्यांच्याकडं एक लाल कापडी वही,
अडत्याच्या खतावणीसारखी, आडवी उघडणारी.
एकेचाळीस पायऱ्या.
चौथी: डेटाबेसची कॉपी घेणे. घेतली? परत बघणे.
नववी: शिरोलीचा सर्व्हर रुसतो. दोनदा सांगणे.
सोळावी: काटे नवीन गाडीला बंद.
सतरावी: सात मिनिटं दम खाणे.

सातच का, मी विचारलं.
"लिवलंय न्हवं तिथं," ते म्हणाले.
अक्षर त्यांचं नव्हतं.
त्यांच्या आधीच्या जिनगोंडा उगारेंचं,
जे नोकरी सोडून हुपरीला
चांदीच्या साखळ्या घडवायला गेले.

माझा धंदा असा:
माणसांच्या सवयी मी फायलीत उतरवते,
मग ती फाइल यंत्राला देते,
आणि बिल तासावर लावते.
वाट बघणं माझ्या हिशेबात दोष.
चाचण्या चार वेळा घेतल्या,
सात मिनिटांनी काहीच फरक पडत नव्हता.
सतरावी पायरी मी खोडली.
बाकी चाळीस एका बटणामागं.

पहिल्या गुरुवारी सगळे खुर्च्या ओढून बसले.
मगदूम भडंग घेऊन आले, वर कांदा, लिंबू.
ओळीनं हिरव्या खुणा पेटत गेल्या.
चार मिनिटं अकरा सेकंद.
टाळ्या वाजल्या, मेहबूबभाईंनीही वाजवल्या,
वही मांडीवर तशीच मिटलेली.

फोन आला गोकुळ शिरगावहून.
भंगाराचा ट्रक काट्यावर उभा,
स्क्रीनवर वजन शून्य,
आणि ड्रायव्हर विचारतोय,
मी काय हवा आणली व्हय कऱ्हाडापासनं?

मागं फिरणं मी शिकवलं होतं यंत्राला.
चाळीस सेकंदांत जुनं सगळं जाग्यावर.
ट्रक तेवढा पुन्हा उतरवून, पुन्हा चढवावा लागला.
कुणी काही बोललं नाही.
भडंग मऊ पडलं.

रात्री अकराला हुपरीला फोन लावला.
उगारे आधी हसले, मग सांगत बसले:
"चाचणीत ट्रक नसतोय, बाई.
गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हर खाली उतरतोय,
गेटवर सही करतोय, तंबाखू मळतोय,
पावती घिऊन मग गाडी हलवतोय.
मी पंधरा दिस घड्याळ घिऊन उभा हुतो तितं.
सात मिनिटांच्या वर कोण लागलं न्हाई."

पंधरा दिवस.
माझ्या दरानं त्याचं बिल किती झालं असतं,
मी मनात मांडलं आणि पुसलं.

सतरावी पायरी आता परत आहे,
पण घड्याळ लावून नाही.
यंत्र दर पाच सेकंदांनी प्रत्येक काट्याला विचारतं,
कोणी आहे का.
नाही म्हणाले सगळे, की पुढं जातं.
कोडमध्ये त्या ओळीच्या वर
एक टीप आहे, यंत्र जी वाचत नाही:
जि. उगारे, हुपरी, यांनी उभं राहून मोजलं.

मेहबूबभाई त्या पुढच्या गुरुवारी
आठ वाजताच घरी गेले.
घरात विचारलं, तब्येत बरी न्हाई का?
वही त्यांनी मला दिली नाही.
तिच्यात गॅसवाल्याचा नंबर आहे म्हणे,
आणि पोरीच्या शाळेचा.

काल थांबणं लांबलं.
सात मिनिटं झाली, नऊ झाली, बारा.
मी पुण्यात, जेवणाचं ताट समोर,
फोनवर ती एकच ओळ बघत राहिले,
दर पाच सेकंदांनी नव्यानं उमटणारी:
गोकुळ शिरगाव, काटा दोन,
कोणीतरी आहे.